वाचकांचे प्रश्न : सात आसनी गाडीचा भाव आणि वॉरंटीचा कागद

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे मोठ्या कौटुंबिक गाडीच्या खरेदीविषयी आहेत. त्यांतील चार पत्रे येथे निवडली आहेत. पहिल्या पत्राला सविस्तर उत्तर दिले आहे, कारण त्यातील कोटेशनसारखेच कोटेशन कोकणातल्या अनेक घरांत या घडीला टेबलावर पडलेले असेल.

प्रश्न : आम्ही घरात सातजण आहोत : आई-वडील, आम्ही दोघे, दोन मुले आणि माझी आत्या. आम्ही दोघेही जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहोत. जुनी हॅचबॅक काढून सात आसनी पेट्रोल गाडी घ्यायची ठरवली आहे. जुन्या गाडीवर गेल्या सहा वर्षांत विम्याचा एकही दावा केलेला नाही. रत्नागिरीच्या शोरूमने दिलेले कोटेशन असे आहे : एक्स-शोरूम ११,६०,०००, रस्ता कर १,३९,२००, टीसीएस ११,६००, विमा ५८,०००, वाढीव वॉरंटी २४,०००, अ‍ॅक्सेसरीज २५,०००, हँडलिंग ८,५००, नोंदणी व फास्टॅग ३,७००, एकूण १४,३०,०००. जीएसटी उतरल्यामुळे भाव आधीच कमी झाला आहे, आता आणखी सूट निघणार नाही, असे सेल्समन सांगतो. फार तर मॅटिंग आणि सीट कव्हर फुकट देऊ म्हणतो. नेमके कशावर बोलावे?
— एक वाचक, राजापूर तालुका

उत्तर : आपण कोटेशनमधील प्रत्येक रक्कम वेगळी लिहून पाठवलीत, हे फार चांगले केलेत. बहुतेक लोक शेवटचा आकडा तेवढा लक्षात ठेवतात आणि ‘त्यात काय कमी करता’ असे विचारतात. मग विक्रेता एका ओळीत दहा हजार कमी करतो, दुसऱ्या ओळीत आठ हजार वाढवतो आणि ग्राहक समाधानाने घरी जातो. भाव करायचा तो ओळीओळीने करावा.

आधी जीएसटीचा मुद्दा बाजूला काढू. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपेक्षा लांब पेट्रोल गाड्यांवर ४० टक्के जीएसटी आहे आणि त्यावरचा उपकर रद्द झाला आहे; पूर्वी उपकर धरून हा बोजा ४५ टक्के किंवा त्याहून अधिक होता. चार मीटरच्या आत बसणाऱ्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवर १८ टक्के कर आहे. रेनोची ट्रायबर ही सात आसनी गाडी त्या गटात येते, तर अर्टिगासारखी लांब गाडी ४० टक्क्यांच्या गटात येते. हा कर सरकारने कमी केला. त्यात विक्रेत्याने स्वतःच्या खिशातून काहीही सोडलेले नाही. त्यामुळे करकपात दाखवून सूट नाकारणे हे उत्तर होऊ शकत नाही, आणि हे आपण शोरूममध्ये शांतपणे, पण स्पष्ट शब्दांत सांगावे.

आता आपला कागद पाहू. रस्ता कर राज्य सरकारचा आहे. दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात १२ टक्के दर आहे आणि आपला आकडा त्याप्रमाणे बरोबर आहे. नोंदणी शुल्कावरही बोलण्यासारखे काही नाही. टीसीएस हा दहा लाखांवरच्या गाडीवर घेतला जाणारा एक टक्का आयकर आहे. तो आपल्या पॅनवर जमा होतो आणि विवरणपत्र भरताना आपल्या करातून वजा होतो किंवा परत मिळतो. आपण दोघेही पगारदार असल्याने गाडी ज्याच्या नावावर घ्याल त्याचाच पॅन द्यावा आणि ही रक्कम आयकर खात्याच्या संकेतस्थळावरील आपल्या करजमा पत्रकात, म्हणजे २६एएस मध्ये, दिसते की नाही हे नंतर तपासावे. उरलेल्या चार ओळी, म्हणजे विमा, वाढीव वॉरंटी, अ‍ॅक्सेसरीज आणि हँडलिंग, मिळून १,१५,५०० रुपये होतात. एक्स-शोरूम किमतीवरील सूट मिळेल ती मिळेल, परंतु खरी बोलणी या चार ओळींवर करायची आहेत.

हँडलिंगची ओळ पूर्ण काढून टाकण्यास सांगावे. गाडी कारखान्यातून शोरूमपर्यंत आणण्याचा आणि ग्राहकाला देण्याआधी धुऊन-पुसून तयार ठेवण्याचा खर्च हा विक्रेत्याच्या धंद्याचा भाग आहे. अ‍ॅक्सेसरीजचा ‘पॅक’ सक्तीचा असल्याचे सांगितले जाते. तसे कोणतेही बंधन नाही. आपल्याला हव्या असलेल्या वस्तूंची यादी मागा आणि नको असलेल्या खोडून टाका. पावसाळ्यात चिखलाचे पाय घेऊन गाडीत बसणाऱ्या घराला रबरी मॅट आणि मडफ्लॅप लागतातच, पण दारांवरच्या क्रोमच्या पट्ट्यांची गरज कोणालाच नाही. त्या पट्ट्यांच्या कडेला खारी हवा साचून पुढे डाग पडतात ते वेगळेच.

विम्याच्या ओळीत आपला सर्वांत मोठा फायदा दडलेला आहे. दावा न केल्याबद्दल मिळणारी सवलत, म्हणजे नो क्लेम बोनस, ही गाडीची नसून मालकाची असते. सलग पाच वर्षे दावा नसेल तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर ती ५० टक्क्यांपर्यंत जाते आणि नव्या गाडीला लावून घेता येते. जुनी गाडी विकल्यावर विमा कंपनीकडून तसे पत्र घ्यावे. ते तीन वर्षे चालते. आपल्या कोटेशनमध्ये ही सवलत धरलेली दिसत नाही. शिवाय शोरूममधूनच विमा घेण्याची सक्ती करता येत नाही. नव्या गाडीला तृतीय पक्ष विमा तीन वर्षांचा घ्यावाच लागतो, हा नियम सप्टेंबर २०१८ पासून आहे. मात्र गाडीच्या नुकसानीचा भाग एका वर्षाचाही घेता येतो. बाहेरून दोन कोटेशने मागवा. ती तपासताना विमा रक्कम, म्हणजे आयडीव्ही, सगळीकडे सारखी आहे ना, झिरो डेप, म्हणजे भाग बदलताना घसारा न कापता भरपाई, आहे ना, आणि इंजिन संरक्षण आहे ना, हे पाहा. आयडीव्ही खाली आणून हप्ता स्वस्त दाखवणे ही नेहमीची पद्धत आहे. बाहेरची पॉलिसी आपल्या जवळच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये कॅशलेस चालते का, एवढेही विचारून ठेवावे.

इंजिन संरक्षणाविषयी दोन शब्द अधिक लिहितो, कारण येथे काटकसर करू नये असे मला मनापासून वाटते. २०२१ च्या जुलैमध्ये वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण बुडाले तेव्हा असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. अशा वेळी पाणी ओसरल्यावर चावी फिरवून पाहण्याचा मोह होतो, आणि तिथेच इंजिनात शिरलेल्या पाण्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो. हे नुकसान उत्पादनातील दोष नसल्याने वॉरंटीत बसत नाही, आणि साध्या सर्वसमावेशक पॉलिसीतही त्यावरून वाद होतो. नदी, खाडी किंवा ओढ्याच्या वाटेवर घर असणाऱ्याने इंजिन संरक्षण घ्यावेच.

सवलतींच्या बाबतीत चार वेगवेगळ्या गोष्टी स्वतंत्रपणे विचाराव्यात : ग्राहकांसाठी चालू महिन्यातील सूट, जुन्या गाडीवरील एक्सचेंज बोनस, त्याच कंपनीची गाडी परत घेत असल्यास मिळणारा लॉयल्टी बोनस, आणि सरकारी कर्मचाऱ्यांची सूट. आपण दोघेही शिक्षक आहात. ओळखपत्र आणि पगारपत्रक दाखवल्यास ही शेवटची सूट अनेक कंपन्या देतात, पण विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. एक्सचेंजमध्ये बोनस देऊन जुन्या गाडीची किंमतच पाडलेली असते, तेव्हा बाहेर तिला काय भाव येतो ते आधी काढा आणि दोन्ही बेरजा समोरासमोर ठेवा. गाडी कोणालाही द्या, पण फॉर्म २९ आणि ३० भरून ती त्याच्या नावावर झाल्याचे पाहिल्याशिवाय फाइल मिटवू नका. पुढे अपघात झाला तर नोटीस आपल्या दारात येते.

आता वाढीव वॉरंटीचे २४,००० रुपये. मूळ वॉरंटी किती वर्षांची आणि किती किलोमीटरची, हे कंपनीनुसार वेगळे असते. मारुतीने जुलै २०२४ पासून ती तीन वर्षे किंवा एक लाख किलोमीटर केली आहे, टोयोटाचीही तितकीच आहे, आणि दोन्हींतील जे आधी पूर्ण होईल ते लागू होते. आपला वापर शाळा, बाजार, रत्नागिरीची एखादी फेरी आणि मे महिन्यात व गणपतीत मुंबई एवढा असेल तर वर्षाला दहा-बारा हजारांपेक्षा जास्त किलोमीटर होणार नाहीत. म्हणजे आपली तीन वर्षे संपतील तेव्हा किलोमीटर निम्मेही झालेले नसतील. अशा कुटुंबाने वॉरंटीत किलोमीटर न पाहता वर्षे विकत घ्यावीत. समुद्रकाठच्या दमट, खाऱ्या हवेत इंजिनापेक्षा विजेचे भाग आधी कुरकुरतात : एसीचा कंडेन्सर, सेन्सर, काचा वर-खाली करणाऱ्या मोटारी, टचस्क्रीन. चौथ्या-पाचव्या वर्षी यांपैकी एक मोठा भाग गेला तरी वाढीव वॉरंटीची बरीचशी रक्कम वसूल होते. म्हणून मी ती घ्या असेच म्हणेन, परंतु दोन अटींवर. ती गाडीच्या कंपनीची असावी. विक्रेत्याने तिसऱ्याच कोणाकडून आणलेली योजना असेल तर ती त्याच्या शोरूमबाहेर चालेलच असे नाही. दुसरे म्हणजे तिची किंमत कंपनीच्या छापील दरपत्रकावर पाहावी. बहुतेक कंपन्यांत ती नंतरही घेता येते, मात्र उशीर केल्यास दर वाढतो. तेव्हा आजचा आणि पुढच्या टप्प्यांचा दर दोन्ही लिहून मागावेत.

वॉरंटीत काय बसत नाही, हे पान कोणी वाचत नाही. आपण मात्र बुकिंगआधी त्या पुस्तिकेची प्रत मागून ते वाचावे. ब्रेक पॅड, क्लच प्लेट, वायपर, फिल्टर, बल्ब अशा झिजणाऱ्या वस्तू साधारणपणे बाहेर असतात. टायर आणि बॅटरी यांची वॉरंटी त्या-त्या उत्पादकाची असते. उंदराने कुरतडलेली वायरिंग वॉरंटीत येत नाही, आणि पावसाळ्यात शेतघराशेजारी उभ्या गाडीच्या बॉनेटखाली उंदीर शिरणे आपल्याकडे नवे नाही. बाहेरून वायर कापून बसवलेला हॉर्न, जादा दिवे किंवा स्टिरिओ असेल तर विजेच्या बिघाडाचा दावा नाकारण्यास वर्कशॉपला सबळ कारण मिळते. बाहेरून बसवलेल्या सीएनजी किटचेही तसेच. सीएनजी हवा असेल तर कारखान्यातूनच बसवून आलेले मॉडेल घ्या. ‘पहिल्या सर्व्हिस फुकट’ याचा अर्थ मजुरी माफ एवढाच असतो. तेल आणि फिल्टरचे पैसे द्यावे लागतात.

भाव ठरला की नव्या कोटेशनवर सूट, मोफत द्यायच्या वस्तू, वाढीव वॉरंटीची वर्षे, रंग, मॉडेल आणि डिलिव्हरीची अपेक्षित तारीख लिहून शोरूमचा शिक्का व व्यवस्थापकाची सही घ्या. बुकिंग रद्द केल्यास किती रक्कम परत मिळेल, ही ओळही त्यातच असू द्या. पैसे शोरूमच्या खात्यात भरा, सेल्समनच्या खात्यात नव्हे. त्यानंतरचा टप्पा लोक सर्रास विसरतात : गाडीचे पासिंग होण्याआधी ती प्रत्यक्ष पाहणे. चॅसी नंबर आपल्या नावावर ठरल्यावर यार्डात दिवसाउजेडी जा. पाचही टायरांवरचा चार आकडी शिक्का वाचा. पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे असतात. बोनेट आणि दारांच्या फटी सारख्या आहेत का, रंगात कोठे फरक आहे का, मॅट उचलून खालचा गालिचा ओलसर लागतो का, मागच्या रांगेच्या सीट नीट दुमडतात का, हे पाहा. आत्या आणि आई यांना तिसऱ्या रांगेत बसवून पाहण्याची ही शेवटची संधी आहे. गाडी कोणत्या महिन्यात व वर्षात तयार झाली हे विक्री प्रमाणपत्रावर, म्हणजे फॉर्म २१ वर, लिहिलेले असते. मागील वर्षाची गाडी असेल तर घेऊ नये असे नाही, पण पुढे विकताना ती एक वर्ष जुनी धरली जाते, म्हणून त्याचा वेगळा भाव आज मिळालाच पाहिजे. एकदा नोंदणी झाली की ही सगळी ताकद हातातून जाते.

प्रश्न : हेच मॉडेल आमच्या चिपळूणच्या शोरूमपेक्षा कोल्हापूरला बावीस हजारांनी स्वस्त मिळत आहे. तेथून घेतल्यास येथे वॉरंटी चालेल का? आणि कधी घेतल्यास स्वस्त पडेल?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : कंपनीची वॉरंटी देशभरातील कोणत्याही अधिकृत वर्कशॉपमध्ये चालते, गाडी कोठून घेतली म्हणून कोणी ती नाकारू शकत नाही. रस्ता करही राज्यात सर्वत्र एकाच दराने आहे. तरीही कोल्हापूरचे कोटेशन घेऊन आधी चिपळूणच्या व्यवस्थापकासमोर बसा. सेल्समनच्या हातात असलेली सूट आणि व्यवस्थापकाच्या हातात असलेली सूट यांत फरक असतो. बावीस हजारांतील बारा-पंधरा हजार त्याने भरून काढले तर उरलेल्या रकमेसाठी घाट चढू नये, असे माझे मत आहे. डिलिव्हरीनंतर पहिल्या महिन्यात निघणारी बारीकसारीक कामे ज्याने गाडी विकली तोच आपुलकीने करतो, आणि आपल्याकडे मुसळधार पावसात घाट बंद होण्याचे दिवसही येतात. भाव करण्यास चांगला काळ म्हणजे पितृपक्ष. त्या पंधरवड्यात शोरूम ओस असते, म्हणून बोलणी आणि बुकिंगची तयारी तेव्हा करा आणि डिलिव्हरी दसऱ्याला घ्या. बुकिंगवरच पितृपक्षात घरचे वडीलधारे हरकत घेत असतील तर नुसता लेखी भाव तेवढा घेऊन ठेवा. डिसेंबरअखेर सूट मोठी असते, पण गाडी आठवडाभरात मागच्या वर्षाची होते, हे लक्षात घेऊनच ती घ्यावी.

प्रश्न : आमचे मालवण तालुक्यात पर्यटकांसाठी घरगुती निवासस्थान (होमस्टे) आहे. नवी सात आसनी गाडी घरासाठीच घेणार आहोत. मात्र अधूनमधून पाहुण्यांना कुडाळ स्टेशनवरून आणायचे आणि त्याचे पैसे घ्यायचे, असा विचार आहे. वॉरंटीला काही बाधा येईल का?
— एक वाचिका, मालवण तालुका

उत्तर : ताई, बाधा येईल, आणि वॉरंटीपेक्षा मोठी बाधा विम्याला येईल. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने चालवणे कायद्याला धरून नाही. भाड्याचे प्रवासी बसलेले असताना अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते आणि जखमींची भरपाई आपल्या डोक्यावर येऊ शकते. अनेक कंपन्यांच्या वॉरंटीतही व्यावसायिक वापरासाठी अटी वेगळ्या असतात, वर्षे किंवा किलोमीटर कमी असतात. पाहुण्यांची ने-आण हा आपल्या व्यवसायाचा नियमित भाग होणार असेल तर गाडी पिवळ्या पाटीवर, परवान्यासह घ्या आणि व्यावसायिक वापराची वॉरंटी लेखी मागा. तसे नसेल तर स्टेशनवरच्या रिक्षावाल्याशी किंवा गावातील टॅक्सीवाल्याशी ठरवून टाका.

प्रश्न : आठ महिन्यांपूर्वी गाडी घेतली. घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे. विक्रेत्याने ‘पाच वर्षे गंजाची गॅरंटी’ असे सांगून तळाला कोटिंग करून बारा हजार घेतले. आता सायलेन्सर आणि तळाच्या बोल्टांवर गंज दिसतो. वर्कशॉप म्हणते, खाऱ्या हवेचा गंज वॉरंटीत येत नाही. दाद कोठे मागावी?
— एक वाचक, देवगड

उत्तर : येथे दोन वेगळे करार आहेत आणि वर्कशॉप त्यांची सरमिसळ करत आहे. गाडीच्या कंपनीच्या वॉरंटीत वातावरणातील क्षारांमुळे आलेला वरवरचा गंज बहुधा वगळलेला असतो. सायलेन्सर आणि उघडे बोल्ट यांवर समुद्रकाठी असा गंज लवकर येतो. कोटिंग मात्र विक्रेत्याने वेगळे पैसे घेऊन, वेगळे आश्वासन देऊन विकलेली सेवा आहे. तिचे बिल आणि गॅरंटी कार्ड काढा. त्यावर कोणते भाग आणि किती वर्षे लिहिली आहेत, दरवर्षी तपासणीची अट आहे का, हे पाहा. सायलेन्सर गरम होत असल्याने त्यावर असे कोटिंग करत नाहीत. तेव्हा तक्रार तळाचा पत्रा, जोड आणि कोटिंग झालेल्या भागांपुरती नेमकी ठेवा. गाडी रॅम्पवर चढवून तारखेसह छायाचित्रे घ्या आणि जॉब कार्डवर ‘कोटिंगखाली गंज’ असे आपल्या शब्दांत लिहून घेतल्याशिवाय सही करू नका. ‘ग्राहकाची सामान्य तक्रार’ अशी नोंद पुढे काहीच कामाला येत नाही.

त्यानंतर विक्रेत्याला आणि कंपनीच्या ग्राहक विभागाला एकाच वेळी लेखी तक्रार द्या, पंधरा दिवसांची मुदत घाला आणि पोच ठेवा. उत्तर आले नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. पुष्कळ प्रकरणे तेथेच मिटतात. तरीही निकाल लागला नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे आपण स्वतःच्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे जाऊ शकता, शोरूम दुसऱ्या जिल्ह्यात असले तरी. वकील सक्तीचा नाही, अर्ज ई-जागृती संकेतस्थळावरून करता येतो, आणि मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. बिलावर ‘कोटिंग’ एवढेच लिहिलेले असेल आणि पाच वर्षांचे आश्वासन तोंडीच दिलेले असेल, तर विक्रेत्याशी झालेले व्हॉट्सअ‍ॅपवरील संदेश शोधा. तोही पुरावा ठरतो. दरम्यान दर पंधरा दिवसांनी गोड्या पाण्याने गाडीचा तळ धुऊन घ्या, आणि त्या धुण्याच्या पावत्याही याच फाइलमध्ये लावून ठेवा, म्हणजे देखभाल केली नाही असे म्हणण्यास विक्रेत्याला जागा राहणार नाही.